आत या, दार लावा

उदबत्ती घेऊन घरभर फिरणारा माणूस देवभक्तच असणार, असा आमच्या आईचा पक्का समज. खोली बघायला ती माझ्यासोबत सटाण्याहून आली होती. म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला, जिथे कॉलनी संपते आणि द्राक्षाच्या बागा लागतात, तिथलं ते शेवटचं घर. खाली मालक राहायचे, वरची एक खोली भाड्याने द्यायची होती. आम्ही फाटकातून आत आलो तर कानटोपी घातलेले एक उंच काका खिडकीसमोर उदबत्ती धरून, डोळे बारीक करून उभे. एका खिडकीचं झालं की दुसरी. मग दार. मग चक्क विजेचा स्विचबोर्ड! त्याच्यापुढे तर त्यांनी श्वास रोखून उदबत्ती धरली.

आईने तिथल्या तिथे हात जोडले आणि माझ्या कानात म्हणाली, "हाऊ माणूस देवभोळा शे. तू आठेच ऱ्हाय." इथेच राहा म्हणे. सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागलेली पोर शहरात एकटी राहणार म्हणून तिच्या जिवाला घोर होता. स्विचबोर्डालाही उदबत्ती ओवाळणारा मालक मिळाला म्हटल्यावर तो एका मिनिटात मिटला. पाणी किती वाजता येतं हेसुद्धा तिने विचारलं नाही.

देवभोळा! अहो, हा माणूस देवघराकडे फिरकायचासुद्धा नाही. काकू म्हणजे त्यांची बायको रोज कुरकुरायच्या, "देवाला एक उदबत्ती आन् खिडक्यांना अख्खा पुडा!" त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "देवघराच्या कोनाड्याला फट नाय. तिथं माझं काय काम?"

काका वारं शोधायचे. हिवाळ्यात कुठल्या फटीतून गार वारं घरात घुसतंय आणि घरातली ऊब कुठून पळतेय, हे पकडायला उदबत्ती. धूर सरळ वर गेला तर सगळं ठीक. वाकला की काका खूश! "सापडली! इथून येऊ राहिलं!" असं ओरडून खिशातून रबराची पट्टी काढायचे. आख्ख्या कॉलनीत त्यांना 'उदबत्तीवाले काका' म्हणत. त्यांचं खरं नाव मला भाडेकरारावर वाचूनही कधी लक्षात राहिलं नाही.

त्यांचं हे वेड आलं कुठून, ते आधी सांगते. काकांचं आख्खं आयुष्य दिंडोरीकडच्या एका कोल्डस्टोरेजमध्ये गेलं. परदेशी जाणारी द्राक्षं तिथे गार करून ठेवायची. काका चेंबरचे इनचार्ज. इनचार्ज म्हणजे काय, तर कोणी दार उघडं टाकलं की बोंब मारायची. "दार लावा" हे दोन शब्द त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटले की रिटायर झाल्यावरही ते तोंडातून जाईनात. पाहुणा आला की "आत या, दार लावा" हे एका दमात. पाहुण्याचा एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि दार त्याच्या पाठीवर.

आणि जाताना तर विचारूच नका. आपल्याकडे खरं बोलणं सुरू होतं ते निरोप घेताना, उंबऱ्यात उभं राहून. काकांच्या घरी उंबऱ्यात थांबायला सक्त बंदी. "निघायचं म्हणता? मग बसा. काय बोलायचं राहिलं असंल ते इथं बसून बोला, मग उठा आन् सुटा." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी कहर केला. बाहेरचा व्हरांडा त्यांनी काचा लावून बंद केला होता. व्हरांड्याचं दार लागल्याशिवाय घराचं दार उघडायचं नाही, असा नियम. बायका चार-चारच्या घोळक्याने मधल्या जागेत कोंडल्या जायच्या आणि काका आतून ओरडायचे, "मागचं लागलं का? लागलं? या!" काकू लाजेने अर्ध्या झाल्या, पण बायका अशा हसत होत्या की पुढच्या वर्षी न बोलावलेल्याही आल्या.

पण मी आले त्या हिवाळ्यात काकांना चढलेला जोर नुसत्या सवयीचा नव्हता. ते मला काकूंनी सांगितलं. ओट्यावर बसून फुलं निवडत होत्या. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची लेक त्या. हात कधी रिकामे नसायचे. त्यांची एकुलती एक मुलगी निफाडला दिलेली. तिच्या साखरपुड्याला होणाऱ्या विहीणबाई इथे मुक्कामाला राहिल्या, ऐन डिसेंबरात. सकाळी उठल्या तर मान धरलेली. तेव्हापासून गोतावळ्यात जिथे जातील तिथे सांगायच्या, "व्याह्यांचं घर म्हणजे नुसती चाळण!"

"निफाडच्या माणसांनी थंडीवर बोलावं!" काकू फणकारल्या. जिल्ह्यातला सगळ्यात कडक गारठा निफाडचाच. "पण ह्यांच्या जिव्हारी लागलं ना. आन् आता पोरीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं का नसतं? तर विहीणबाई म्हणती, चाळणीत बाळंतीण न् बाळ ठेवायचं नाय. आमच्याकडं स्लायडिंगच्या खिडक्या हायेत."

जानेवारीत बाळ यायचं होतं. डिसेंबरात विहीणबाई मुलीला घेऊन घर बघायला येणार, आणि मग ठरणार की लेक माहेरी येते की नाही. हे ऐकल्यावर मला काकांची उदबत्ती वेगळीच दिसायला लागली. तोवर मी मैत्रिणींमध्ये त्यांची नक्कल करून दाखवायचे. नंतरही करायचे, खोटं कशाला बोलू, पण मग त्यांच्या बाजूने भांडायचेही.

आणि काय काय केलं म्हणता त्यांनी! कोल्डस्टोरेजच्या मोडीत निघालेल्या दारांची रबरं आणून घराच्या दारांना लावली. दार लावलं की 'फस्स' असा आवाज यायचा आणि उघडायला खांदा लावावा लागायचा. खिडक्यांच्या कडांना पट्ट्या, कौलांखाली द्राक्षाच्या पेट्यांचा थर्मोकोल. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी कोल्डस्टोरेजला असतो तसला जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा टांगला. काकू आरतीचं ताट घेऊन त्यातून बाहेर यायच्या तेव्हा प्रत्येक पट्टी त्यांच्या डोक्यावरून सपकन जायची, आणि आरतीची पहिली ओळ नेहमी "अहो, हे काढा मेलं" अशी असायची.

माझी खोलीही सुटली नाही. एकदा मी कारखान्यातून संध्याकाळी परत आले, तर किल्ली कुलपात जाईना. काकांनी किल्लीच्या भोकात कापूस ठासला होता! मी खाली जाऊन तणतणले. काका शांत. "आज रात्री तुमची खोली उबदार ऱ्हाईल का नाय?" राहील, ते खरंच. "मग? किल्लीच्या भोकातून किती ऊब जाती ठाऊक हाय का?" मी म्हटलं, "काका, ऊब जाते ते ठीक, पण मी कशी जाऊ?" त्यावर ते खरोखर विचारात पडले. दुसऱ्या दिवशी भोकावर सरकणारी पत्र्याची टिकली बसवून दिली.

पण माणूस नुसता आंधळा नव्हता हं. प्रत्येक खोलीत वर, छताला लागून, त्यांनी तळहाताएवढी जाळी उघडी ठेवली होती. त्याला ते नाक म्हणायचे. "घराला नाक लागतंच. पन ते आपण ठरवू तिथं. बाकी ही भोकं पाडून ठेवलीत, ती काय नाकं हायेत का?" खालच्या मागच्या खोलीचं नाक नेमकं माझ्या खिडकीखाली उघडायचं. तिथे कोणी शिंकलं तरी मला वर ऐकू यायचं.

आता साडीचं प्रकरण. दाराच्या खालची फट काकांना काही केल्या जमेना. रबर लावलं की दार अडायचं. मग त्यांनी ठरवलं, साडीच्या कापडाचा लांब लोड शिवायचा, त्यात भाताचं तूस भरायचं आणि तो दाराशी आडवा टाकायचा. तूस सुरगाण्याकडच्या एका ओळखीच्या माणसाने जीपमधून पाठवलं. आणि कापड? काकू गावाला गेलेल्या बघून काकांनी त्यांच्या साड्यांचं कपाट उघडलं. मी कपडे वाळत घालायला उतरले तेव्हा अंगणात साड्या ताणून बांधलेल्या, एका बाजूला काका उदबत्ती धरून, दुसऱ्या बाजूने पंखा चालू. ज्या साडीतून वारा येऊन धूर हलला ती नापास. काका एकेक साडी पुन्हा व्यवस्थित घडी करून ठेवत होते, ते बघून मला वाटलं, चला, निदान काकूंना कळणार नाही.

विहीणबाई आल्या तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. काकूंनी मला चहाला हाताशी बोलावलं होतं. गाडी थांबली. "आत या, दार लावा!" विहीणबाई आत आल्या, दार 'फस्स' करून लागलं आणि त्यांचा पदर रबरात अडकला. सुरुवातच अशी! काकांनी खांदा लावून दार उघडलं, पदर सोडवला. मागून मुलगी आली, पोट सांभाळत, हसू दाबत. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मला इथंच यायचंय हो. सासूबाई वाईट नाहीत, पण मला आई पाहिजे." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. 

काकांनी विहीणबाईंना मुद्दाम त्याच पलंगावर बसवलं जिथे त्यांची मान धरली होती. समोर उदबत्ती लावली. धूर सरळ वर. "बघा," काका म्हणाले, "हलतोय का?" विहीणबाई धुराकडे टक लावून बसल्या. थोड्या वेळाने शाल सैल केली. मग शाल काढली. मग स्वेटरची बटणं. काका त्या बटणांकडे अशा आशेने बघत होते की मला हसू आवरेना, म्हणून मी पट्ट्यांच्या पडद्याआड पळाले.

तिथून बघते तर विहीणबाईंची नजर मागच्या खोलीच्या दाराशी खिळलेली. काकांनी पाहुण्या यायच्या जरा आधीच टाकलेला लोड तिथे आडवा पडला होता. जांभळा, मोरपंखी काठांचा. काकूंनी त्यांच्या नजरेमागे नजर नेली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ती लग्नात विहीणबाईंनी दिलेली मानाची साडी होती! पोटात तूस घेऊन दाराशी पडलेली, येता-जाता पाय लागणारी.

काकूंनी काय करावं? उठून गेल्या आणि सरळ लोडावर फतकल मारून बसल्या. "मला बाई खालीच बरं वाटतं."

"उठा बरं जरा, विहीणबाई," पाहुण्या म्हणाल्या.

"नको, गुडघे धरलेत."

"अगं, उठ ना!" काका म्हणाले. देवा, त्या माणसाला कशाचाच पत्ता नव्हता! "त्या एवढं विचारू राहिल्या तर दाखवू दे की!" त्यांनी काकूंच्या खालून लोड ओढून काढला, झटकला आणि नवं बाळ द्यावं तसा विहीणबाईंच्या मांडीवर ठेवला.

मुलीने तोंडावर हात ठेवला. मी ट्रे ओट्यावर ठेवून दिला. आता लेक माहेरी येत नाही, हे नक्की झालं होतं.

"ही मी दिलेली साडी," विहीणबाई एकेक शब्द तोलून म्हणाल्या.

"तुमची का?" काका उडालेच. "तरीच! अहो, काय कापड हाय! घरातल्या सगळ्या साड्या तपासल्या, एकेक. पंखा लावला, धूर सोडला. सगळ्यांतून वारं गेलं. ही एकटी पास! वीण अशी घट्ट की धूर जागचा हलला नाय."

विहीणबाईंनी डोळे किलकिले केले. "सगळ्या तपासल्या?"

"सगळ्या."

"तुमच्या बायकोच्या माहेरच्या?"

"त्या तर पहिल्याच फेरीत गेल्या!"

काकूंनी कपाळावर हात मारला. विहीणबाई मात्र लोडावरून हळूहळू हात फिरवत होत्या. मग त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला. "व्याहीबुवा, आमच्या थोरल्या जाऊबाई भर मांडवात म्हणाल्या होत्या, एवढी हलकी साडी देतीस? हे आत्ता म्हणालात ना, तेच त्यांना सांगा. स्पीकर लावते."

आणि काकांनी सांगितलं! वीण, धूर, पंखा, पास-नापास. पलीकडच्या जाऊबाई "आं? कोण बोलतंय? कसला धूर?" करत राहिल्या आणि काका त्यांना आडवा-उभा धागा समजावत राहिले. विहीणबाई मान डोलवत होत्या. चक्क तीच मान! मुलगी हसता हसता पोट धरून म्हणाली, "बाबा, बास, मी इथंच बाळंत होईन." हसून हसून आमची सगळ्यांची पुरेवाट झाली. काकूही हसल्या, पण काकांकडे बघून नाही.

एका गोष्टीवर मात्र पुन्हा ताणलं. विहीणबाई म्हणाल्या, बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी पाहिजेच. काकांचा आवाज एकदम बदलला. "नाय. बंद खोलीत निखारा नाय ठेवायचा. एवढी वर्षं मी बंद खोल्यांची हवा बघितली. ती कधी दगा देईल, कळत नाय. शेगडी व्हरांड्यात, शेकायचं फडकं तिथं गरम करून आत." एवढं ठासून त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. विहीणबाईंनी एकदा छताजवळच्या नाकाकडे बघितलं आणि ऐकलं. जाताना फक्त बजावलं, "आन् हा माझा लोड बाळंतिणीच्याच दाराला लावायचा. दुसऱ्या कुठल्या नाय."

जानेवारीत मुलगी झाली. काका दवाखान्यात गेले नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत मागच्या खोलीला पट्ट्या मारत होते. मायलेकी घरी आल्या, खोलीचं दार 'फस्स' करून लागलं, खाली लोड पडला. झालं! बाहेर गारठा असा की बागांमधून पहाटे द्राक्षं तडकू नयेत म्हणून शेकोट्यांचा धूर उठायचा, आणि आत बाळंतीण कानाचा रुमाल सोडून बसायची. काकांची काय मिजास! शेजारी विचारायचे, "नात कशी आहे?" तर हे सांगायचे, "धूर हलत नाय."

आंघोळ-शेक झाला की काकू दिवसातून एकदा बाळाला बाहेर आणून दाखवायच्या. तेव्हा ती गाढ झोपलेली असायची. काका बोट पुढे करायचे आणि काकू म्हणायच्या, "गार हात नको." लगेच आत. दार लावा.

एका सकाळी मी कामाला निघाले होते. पायऱ्या उतरून बघते तर काका मागच्या खोलीच्या दाराशी बसलेले. मला वाटलं, अजून एखादी फट सापडली. हातात उदबत्ती होती, पण पेटवलेली नव्हती.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. मला एक खरं सांगा. नात रडत का नाय?"

"म्हणजे?"

"एवढे दिवस झाले, एकदा रडली नाय. लहान पोर रडतं का नाय? काही हाय का तिला? माझ्यापासून लपवू राहिले का सगळे?"  त्या कानटोपीच्या आत एवढा मोठा माणूस घाबरून गेला होता.

"अहो काका!" मी जवळजवळ ओरडलेच. "रडत नाही? पहाटेपासून आभाळ डोक्यावर घेते ती! ते नाक माझ्या खिडकीखाली आहे ना, मला वर झोपू देत नाही! आत्ता जिन्यातसुद्धा ऐकत आले मी."

"मग मला का येत नाय ऐकू?"

 मी फक्त खाली दाराशी बघितलं. त्यांनीही बघितलं. जांभळा लोड, मोरपंखी काठ, आणि आजूबाजूचं सगळं रबर, त्यांनी स्वतः ठोकलेलं.

काकांनी खिशातून काडेपेटी काढली, उदबत्ती पेटवली आणि दाराशी धरली. धूर सरळ वर गेला. मग त्यांनी दोन्ही हातांनी लोड उचलून मांडीवर घेतला. धूर वाकला. आणि त्या बारक्या फटीतून, शेपा-ओव्याच्या वासासकट, नातीचा आवाज बाहेर आला. काय आवाज होता! कोल्डस्टोरेजच्या चेंबरमध्ये काकांनी जन्मभर मारलेल्या बोंबा एकीकडे आणि ही एकीकडे.

काका फरशीवर आडवे झाले. कानटोपी वर सरकवली आणि कान फटीला लावला. हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी नाकावरून फरशीवर पडत होतं.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो! वारं येऊ राहिलं! लोड लावा!"

"ऱ्हाऊ दे गं," काका म्हणाले. "एवढी एक ऱ्हाऊ दे."